दुसरा साप

"सापडला!" मामा आतून ओरडला, आणि रासकरांच्या दारात जमलेल्या बायकांनी एकदम श्वास सोडला.

मी उंबऱ्यात दोन्ही हात आडवे लावून उभी होते. माझं काम तेवढंच. कुणाला आत सोडायचं नाही, व्हिडिओसाठी कुणाला पुढं घुसू द्यायचं नाही, आणि "नाग आहे का? नागीण आहे का?" असल्या प्रश्नांना "काढल्यावर कळेल" एवढंच उत्तर द्यायचं. तेव्हा मी आठवीत होते. माझं ठाम मत होतं की साप हा अतिशय समजूतदार प्राणी आहे, आणि जे काय बिनडोक असतं ते दाराबाहेर मोबाइल धरून उभं असतं. आता अकरावीत आहे. मत फारसं बदललेलं नाही.

विलासमामा बाहेर आला. उजव्या हातात हुक आणि डाव्या हातात शेपटीला धरलेली, पिवळसर तपकिरी, हवेत आळोखेपिळोखे देणारी धामण. टाळ्या पडल्या. खरोखर टाळ्या. शेजारचे पेन्शनर काका इतका वेळ "मिरचीची धुरी द्या, मिरचीची धुरी द्या" म्हणून नाचत होते, ते लगेच म्हणाले, "मी सांगत होतो, धामणच असणार."

"बिनविषारी आहे," मामा म्हणाला. सर्पमित्राचा एक खास आवाज असतो, बँकेतल्या मॅनेजरसारखा. लोकांच्या घरी केबलची वायर जोडताना तो आवाज कुठं जातो कुणास ठाऊक. "घाबरायचं कारण नाही. उंदरांच्या मागं आली होती. शेतकऱ्याची मैत्रीण आहे ही."

"मैत्रीण आसंल बाबा, पर माझं काळीज हातात आलं का न्हाई!" अक्का म्हणाल्या. अक्का म्हणजे रासकरांच्या घरातल्या सासूबाई. दुपारी साप दिसला तो त्यांना आणि त्यांच्या नातीला. "ह्यीच ती. म्या ह्या डोळ्यांनी बगितली."

त्या डोळ्यांचा चष्मा टीव्हीवर होता. दुपारपासून तिथंच होता.

आतून बारीक आवाज आला, "ही नव्हे."

ईश्वरी. रासकरांची पोरगी, आमच्याच शाळेत पहिलीत. घर म्हणजे एक लांबलचक खोली, पलीकडच्या टोकाला ओटा. मधे भिंतीला लागून लोखंडी ट्रंक, ट्रंकेवर गोधड्यांचा ढीग, आणि ढिगावर मांडी घालून ईश्वरी. साप दिसल्यापासून ती तिथून उतरायलाच तयार नव्हती. मामाही म्हणाला होता, "राहू दे तिला तिथंच. उंचावर बरी आहे. पाय तेवढे खाली सोडू नको बाळा."

"तो काळा होता," ईश्वरी म्हणाली. "त्याच्या अंगावर चुन्याच्या रेघा होत्या. आणि ही तर त्या मामांनी—"

"गप गं," तिची आई म्हणाली. अश्विनीकाकू. नवरा पुण्यात कंपनीत, शनिवारी यायचा. "घाबरलंय लेकरू. घाबरल्यावर काहीबाही दिसतं."

सगळे हसले. पेन्शनर काका तर इतके हसले की त्यांना खोकला लागला.

मग पुढचा कार्यक्रम. तो दर घरी ठरलेला असतो. अक्कांनी हळदीकुंकू आणलं. मामानं समजावलं की सापाला असलं काही लावू नये, मग अक्कांनी ते हुकालाच लावलं. नारळ आला. फोटो झाले. एका ताईंनी धामणीला "पाव की गं" म्हटलं. ही सगळी वस्ती, म्हणजे गोकुळनगरी, चार वर्षांपूर्वी उसाचं रान होती. ऊस मोडून प्लॉट पाडले. उंदीर कुठं जाणार? राहिले. उंदरांच्या मागं सापही राहिले. आणि आता ही मंडळी एकमेकांना विचारत होती, "बाई, हा आला कुठून?" अहो, तुम्ही आलात कुठून ते विचारा आधी!

फोटोसाठी मामानं धामण माझ्या हातात दिली, आणि मला तिचं शेपूट दिसलं.

टोक तुटलेलं होतं. तुटक्या जागी मांस वाढून गाठ झाली होती, वाटाण्याएवढी. ती गाठ मी ओळखत होते. सोमवारी कोळकीच्या एका गोडाऊनमधून आम्ही हीच धामण काढली होती. मामा संध्याकाळी तिला डोंगराकडं सोडून आला होता. म्हणजे, तसं म्हणाला होता.

मी फोटोत हसले. तो फोटो अजून मामाच्या फेसबुकवर आहे. त्यात मी फार छान दिसते.

*

नाक्यावरच्या टपरीत मामानं दोन चहा सांगितले. पोटावर तिरकी लावलेली खाकी पिशवी त्यानं मांडीवर घेतली. धामण परत त्या पिशवीत होती.

"मामा, शेपूट बघितलं मी."

"कुणाचं?"

"माझं! धामणीचं. कोळकीच्या गोडाऊनमधली आहे ती."

"तुटक्या शेपटीची तालुक्यात एकच धामण असते का?"

"वाटाण्याएवढ्या गाठीची एकच असते."

"हळू बोल, केतके."

मी मुळीच हळू बोलले नाही. "डोंगरात सोडलीस ना? मग काय, एसटीनं परत आली?"

टपरीवाल्यानं वळून बघितलं. मामा उठून चहाचे ग्लास घेऊन बाहेर गाडीपाशी आला. मीही गेले. सांगते, आपल्या मामाला असं पकडण्यात जी मजा असते ती नाग पकडण्यात नसणार. वर्षभर तो मला शिकवत होता: सापाला दूध पाजू नये, साप डूख धरत नाही, नर-मादीची जोडी करून राहत नाही, डोक्यावर केस नसतात, खरं तेच सांगायचं, शास्त्रीय सांगायचं. आणि पुढच्या आठवड्यात नागपंचमीला आमच्या शाळेत आमचा दोघांचा कार्यक्रम होता. 'साप : समज आणि गैरसमज'. भाषण माझं, साप मामाचा.

"किती वेळ शोधत होतो मी, तू बघितलंस," मामा म्हणाला. "ओट्याखाली बघितलं, कपाटामागं बघितलं, मोरीत हात घातला. नाही सापडला. दार उघडं होतं दुपारी, गेला असेल निघून. मग काय करायचं? सापडला नाही म्हणून सांगून यायचं?"

"हो!"

"गिरवीकडं एका घरात असंच सांगितलं होतं मी मागच्या साली. तेव्हा तू येत नव्हतीस. खरं सांगितलं. साप गेला असेल, निवांत राहा. माझी पाठ वळली आणि त्यांनी गोठ्यातल्या बिळात पेट्रोल ओतून काडी लावली. गोठा गेला. म्हैस गेली, गाभण होती. साप निघालाच नाही." त्यानं चहा संपवला. "तेव्हापासून बघतो. बाई झोपणार नाही असं दिसलं की तिला साप दाखवतो. तिचा जीव थाऱ्यावर येतो. सापाचाही वाचतो. मी साप पकडत नाही केतके, मी भीती पकडतो."

हे वाक्य मी आधी वाचलं होतं. फेसबुकवर. खाली मावळत्या सूर्याचा फोटो होता आणि एकशे बारा लोकांनी हात जोडले होते.

"आणि धामण?" मी म्हणाले. "तिला विचारलंस? ती काय नाटक कंपनीत आहे?"

"दोन दिवस ड्रममधे ठेवतो. मग सोडतो."

"वनखात्याचं कार्ड आहे तुझ्याकडं. साप घरात ठेवल्याचं कळलं तर कार्ड जाईलच, केसही होईल, हे तूच मला शिकवलंस."

"म्हणून तर म्हणतोय, हळू बोल."

मला त्याची कीव आली. चौतीस वर्षांचा माणूस, गावभर लोक 'सर' म्हणतात, आणि पिशवीतून साप काढतो. जत्रेत कबुतर काढणारा निदान टोपी तरी घालतो! मी हे त्याला म्हणणारच होते. तोंड उघडलंही. आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात भलतंच काहीतरी खटकलं.

"मामा. ईश्वरी काय म्हणाली ऐकलंस?"

"लेकरू आहे ते."

"काळा होता म्हणाली. अंगावर चुन्याच्या रेघा."

मामाचा हात खिशात होता, चहाचे पैसे काढायला. तो तिथंच राहिला.

काळ्याभोर अंगावर बारीक पांढऱ्या आडव्या रेघा असलेला साप आमच्याकडं एकच. मण्यार. दिवसा कुठंतरी मऊ, अंधाऱ्या जागी निपचित पडून राहते. अंधार पडला की निघते. जमिनीवर झोपलेल्या माणसांजवळ जाते आणि माणूस कुशीवर वळला की चावते. मुंगी चावल्याइतकंही दुखत नाही. झोपलेला माणूस उठत नाही, आणि हीच तर सगळी गोष्ट आहे. मामानं मला त्या सापाजवळ कधीच येऊ दिलं नव्हतं.

आणि आम्ही निघताना अश्विनीकाकू काय म्हणाल्या होत्या? "बरं झालं बाई. आज कॉटवर दाटीवाटीनं झोपणार होतो तिघी. आता आपलं खाली ऐसपैस."

"चल परत," मी म्हणाले.

मामा जागचा हलला नाही. "जाऊन काय सांगू?"

"खरं."

"खरं म्हणजे? तुमचा साप सापडला नाही, दाखवला तो माझा होता? सांगतो. कार्ड गेलं तर गेलं. पण उद्यापासून ह्या भागात साप निघाला तर लोक कुणाला बोलावतील, मला? काठीवाल्याला बोलावतील. म्हणतील, तो विलास भोईटे लबाड आहे, पिशवीतून आणतो. आधीच किती मुश्किलीनं काठ्या खाली ठेवल्यात त्यांनी."

सगळ्यात संताप कशाचा आला असेल तर तो बरोबर बोलत होता ह्याचा.

"मग खरं सांगू नको," मी म्हणाले. "पण चल. काय सांगायचं ते मी बघते."

*

रासकरांकडं भज्यांचा वास सुटला होता. अक्कांनी चष्मा लावून मालिका सुरू केली होती. बाहेर दिवेलागण होत होती. ईश्वरीला ढिगावरून खाली उतरवलं होतं आणि ती भिंतीला टेकून डुलक्या घेत होती.

"या या सर! भजी खाऊन जा," अश्विनीकाकू म्हणाल्या.

मामानं चपला काढल्या आणि दारातच उभा राहिला. बँक मॅनेजरचा आवाज त्याच्या खिशातून कुठं पडून गेला होता.

मी आधी सरळ मार्गानं गेले. हे मुद्दाम सांगते. "काकू, ईश्वरी म्हणत होती साप काळा होता, रेघांचा. कदाचित अजून एक असेल. मामाला परत एकदा नीट बघू द्या."

काकू हसल्या. "अगं, तुझ्याच मामांनी पकडला की आमच्यादेखत!"

"ती धामण होती. ईश्वरी म्हणतेय तो वेगळा."

"तिचं काय ऐकतेस? परवा म्हणत होती, शाळेच्या टाकीत मगर आहे."

"घर हाय का सापाचं वारूळ हाय?" अक्का मालिकेवरची नजर न काढता म्हणाल्या. "एक निघाला, गेला. आता सारखं सारखं कशाला उस्तवार? जा पोरी, तुजी आई वाट बगत आसंल."

बघा. तासाभरापूर्वी हीच माणसं पंख्याच्या वाऱ्यानं पडदा हलला तरी किंचाळत होती. आता खोटा साप निघाला होता, त्यामुळं खऱ्याला घरात जागा उरली नव्हती. मी अजून बोलले. विषारी, बिनविषारी, मण्यारीच्या सवयी, सगळं बोलले. पुस्तकात नसेल इतकं व्यवस्थित बोलले. अक्कांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

"लेकरू पेंगलंय," काकू म्हणाल्या. "हिला आधी अंथरूण घालून देते," आणि त्या ट्रंकेकडं निघाल्या. ढिगातल्या वरच्या गोधडीला त्यांचा हात लागला.

"जोडी आहे!" मी किंचाळले.

काकूंचा हात थांबला.

"जोडी आहे, अक्का," मी म्हणाले, आणि आता माझा आवाज मलाच ओळखू येईना, इतका तो खोल आणि भयंकर झाला होता. "मघापासून मामाला सांगू की नको झालंय. नेला तो नर होता. मादी राहिलीय. नराला नेलं की मादी त्याच जागी येते. आणि डोळ्यात फोटो घेते."

दारात मामाच्या घशातून कसलासा आवाज आला.

टीव्ही बंद झाला. अक्का उभ्या राहिल्या होत्या. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणाऱ्या अक्का! "म्या म्हनत हुते! म्या दुपारधरनं म्हनत हुते!" (त्या दुपारपासून असलं काहीही म्हणत नव्हत्या.) "अश्विने, पोरीला उचल! हात नगं लावूस कशाला! भायेर चल आदी, भायेर!"

शास्त्र सांगताना मला घाम फुटला होता आणि इंचभर कुणी हललं नव्हतं. 'जोडी' म्हटल्याबरोबर सगळं घर अंगणात. गॅससुद्धा अक्कांनी स्वतः बंद केला. शेजारच्या घरातूनही लोक बाहेर आले. पेन्शनर काका अर्ध्या जेवणावरून उठून आले आणि म्हणाले, "मी सांगत होतो, जोडी असणार."

मी परत उंबऱ्यात हात आडवे लावून उभी राहिले. मामा आत गेला. खोलीच्या मधोमध थांबला आणि त्यानं एकेका जागेकडं बघितलं. ओटा. कपाट. मोरी. हे सगळं त्यानं मघाशी उपसलं होतं. मग त्यानं वळून माझ्याकडं बघितलं, आणि मग आम्ही दोघांनीही एकाच वेळी त्या ढिगाकडं बघितलं.

तो ढीग मघाशी कुणीच उपसला नव्हता. त्यावर ईश्वरी बसली होती.

मामानं हुकानं एकेक गोधडी उचलून बाजूला टाकली. वरच्या तिन्ही गोधड्यांत काही नव्हतं. चौथी लुगड्यांची, जाड, अक्कांची असणार. ती उचलली आणि तिच्याखाली, ट्रंकेच्या पत्र्यावर, एखाद्या दागिन्यासारखं वेटोळं पडलं होतं. काळंभोर, तेल लावल्यासारखं चकचकीत. त्यावर चुन्याच्या रेघा.

दुपारभर ते त्या पोरीच्या मांडीखाली होतं.

मामानं वळून न बघता माझ्या दिशेनं तळहात केला: थांब. मी थांबलेच होते. मग त्यानं जे केलं त्याला फार वेळ लागला नाही, आणि त्याबद्दल मला एक शब्दही वाकडा बोलता येत नाही. हात हलला नाही, आवाज झाला नाही. प्लॅस्टिकच्या बरणीत ती मण्यार स्वतःहून गेल्यासारखी गेली. झाकण लागलं. आणि झाकण लागल्यावर मग मामानं बरणी जमिनीवर ठेवली आणि ते झाकण अजून दोनदा आवळलं.

बाहेर आणल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. अश्विनीकाकूंनी त्या रेघा बघितल्या, मग ट्रंकेकडं बघितलं, मग ईश्वरीला इतकं घट्ट धरलं की ती रडायलाच लागली.

"ह्योच! ह्योच!" ईश्वरी रडता रडता म्हणत होती.

तिला 'तुझं बरोबर होतं' असं एकानंही म्हटलं नाही. अक्का सगळ्यांना सांगत होत्या, "नराच्या मागं मादी आली बगा. ही विलासरावांची भाची, हिला आंगात काय तरी हाय, हिला आदीच कळलं." नर म्हणे धामण आणि मादी म्हणे मण्यार! म्हणजे म्हैस आणि घोड्याची जोडी. तेवढ्या गर्दीत पदवीधर कमीत कमी निम्मे असतील. कुणालाही प्रश्न पडला नाही.

मामानं त्या दिवशी फोटो काढू दिला नाही. परतताना गाडी त्यानं डोंगराच्या रस्त्याला घेतली. दोन्ही साप लांब लांब सोडले. धामण पिशवीतून निघाली आणि मागं न बघता गवतात गेली. तिला बिचारीला वाटलं असेल, सुटले एकदाची ह्या धंद्यातून.

"डोळ्यात फोटो घेते?" मामा म्हणाला.

"तुला अजून चांगलं सुचत होतं का?"

तो हसला नाही. मीही नाही.

*

नागपंचमीच्या दिवशी शाळेचा हॉल गच्च भरला होता. पहिलीपासूनची पोरं सतरंजीवर, मागं पालक, स्टेजवर मुख्याध्यापक मुळीक सर, मामासाठी शाल आणि नारळ. अक्का आणि अश्विनीकाकू पुढच्याच खुर्च्यांत होत्या. 'नर-मादीच्या प्रकरणा'मुळं त्यांना गावात मान आला होता.

मी बोलले. जबरदस्त बोलले, खोटं कशाला सांगू? साप दूध पीत नाही, दुधानं मरतो. साप पुंगीवर डोलत नाही, पुंगीच्या हालचालीवर डोलतो. माईक माझ्या हातात असला की मला वाटतं, हे सगळं जग माझ्या वर्गात बसलंय आणि मी त्याला नापास करणार आहे. "आणि सापाची जोडी नसते!" मी म्हणाले. "साप डूख धरत नाही, डोळ्यात फोटो घेत नाही!"

अक्कांची मान वर झाली.

"शंका असतील तर विचारा," मुळीक सर म्हणाले. शंका विचारा म्हटल्यावर आमच्या शाळेत कुणी विचारत नाही. तशी रीतच आहे. पण पहिलीच्या सतरंजीवरून एक हात वर आला.

"ताई," ईश्वरी उभी राहून म्हणाली, "पण तूच म्हणालीस ना, जोडी आहे? आमच्या घरी?"

हॉलमधे खसखस पिकली. माझ्याकडं उत्तर होतं. गंमत केली होती, मुद्दाम घाबरवलं होतं, काहीही चाललं असतं. पण ईश्वरी खाली बसली नाही.

"आणि पहिला साप तर त्या मामांनी पिशवीतून काढला," ती म्हणाली. "मी वर बसले होते. मला दिसलं."

मामाच्या अंगावर शाल होती. शालीखाली तो एकदम लहान झाल्यासारखा दिसला.

मुळीक सर मोठ्यानं हसले. "घाबरली असेल हो पोर! घाबरल्यावर काहीबाही दिसतं." आणि सगळा हॉल हसला. पोरं, पालक, बाई, शिपाई. अश्विनीकाकूंनी खूण केली, "बस गं खाली." ईश्वरी बसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. काहीच न मागता, नुसतं, की हिला तरी माहीत असेल.

माईक माझ्या हातात होता. मला फक्त हसायचं होतं. बाकीचं सगळं त्या हॉलनं करून ठेवलं होतं.

"ईश्वरीला बरोबर दिसलं," मी म्हणाले. "दोन्ही वेळेला."

हसणं थांबलं. मी चालत मामापाशी गेले आणि माईक त्याच्या हातात दिला.

त्यानं अंगावरची शाल काढून खुर्चीवर ठेवली. मग लोकांच्या घरी केबलची वायर जोडताना असतो त्या आवाजात म्हणाला, "होय. पिशवीत होता."

*

कार्ड जमा झालं. केस झाली नाही, कारण वनखात्याचे साहेब मामाला ओळखत होते, आणि ह्यावर मी काय बोलू? कार्ड परत मिळायला दीड वर्ष गेलं. त्या काळात आमच्या भागात साप निघाले की लोकांनी आधी मारले आणि मग शेजाऱ्यांना सांगितलं. कुणीतरी फोटो काढायचा, तो फिरत फिरत मामाकडं यायचा, आणि मामा तो मला पुढं पाठवायचा. धामणी, तस्कर, एकदा तर बिचारं मांडूळ. खाली कधी एक अक्षर लिहिलं नाही त्यानं. मी फोटो मात्र एकही पुसला नाही.

ईश्वरी आता चौथीत आहे. वर्गात काही सांगायला उभी राहिली की तिचे सर म्हणे तिला दोनदा विचारतात, "नक्की बघितलंस ना?" आणि मग ती सांगेल तेच फळ्यावर लिहितात.

आता मामा परत जातो. मीही जाते, अजून उंबऱ्यातच. फरक एवढाच की दारात गेल्या गेल्या तो खाकी पिशवी काढतो, उलटी करतो, चार लोकांसमोर झटकतो आणि मगच आत पाऊल टाकतो. लोकांना ते आवडत नाही. हळदीकुंकू नाही, देखावा नाही, मधेच झाडझटक कसली?

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा मामा आंघोळीला गेला होता, म्हणून मी घेतला. बाई गोकुळनगरीतल्याच होत्या, पलीकडच्या गल्लीतल्या.

"सर आहेत का? आमच्या मोरीत काहीतरी दिसलंय."

"येतो आम्ही," मी म्हणाले. "तोवर सगळे बाहेर थांबा. कशाला हात लावू नका."

"बरं. आणि एक..." बाईंनी आवाज बारीक केला. "नाही सापडला, तर सरांना म्हणावं येताना एखादा घेऊनच या ना पिशवीतून. आम्हाला माहितीये हो. आम्ही कुणाला सांगणार नाही. आमच्या आत्याबाईंना तेवढीच झोप लागंल."

मी फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडं बघितलं.

"आत्याबाईंना म्हणावं, सापडेपर्यंत कॉटवर झोपा," मी म्हणाले, आणि ठेवून दिला.

मामा केस पुसत बाहेर आला. "कोण होतं? काय म्हणतात?"

"मोरीत आहे म्हणतात."

त्यानं हुक घेतला, बरणी घेतली. पिशवी खुंटीवरून काढली आणि दारात आमच्या दोघांशिवाय कुणी नसताना उलटी करून माझ्यासमोर झटकली. मग गाडीला किक मारली.